निकदेम आणि जकातदार : नवा जन्म वेगळा, नीतिमान ठरणं वेगळं

येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांत दोन माणसं भेटतात. दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, की ख्रिस्ती शिकवणीतला एक फार गुंतागुंतीचा वाटणारा फरक सुटा व्हायला लागतो.

पहिला निकदेम. परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, यहुद्यांचा अधिकारी, शास्त्र कोळून प्यालेला माणूस. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात तो रात्रीच्या वेळी येशूकडे येतो आणि अदबीने बोलायला लागतो: गुरुजी, आपण देवाकडून आलेले शिक्षक आहात हे आम्हाला ठाऊक आहे. येशू त्या कौतुकाकडे वळूनही बघत नाही. थेट म्हणतो, ‘मी तुला खचीत खचीत सांगतो, नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही.’

दुसरा जकातदार. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात तो येतो. परक्या सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर वसूल करायचा आणि वरचे पैसे खिशात घालायचे, असा त्या काळच्या जकातदारांचा लौकिक होता. हा मंदिरात दूर उभा आहे. वर बघायची हिंमत नाही. ऊर बडवत एवढंच म्हणतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ त्याच मंदिरात एक परुशीही प्रार्थना करतोय. त्याचे आठवड्यातून दोन उपास होतात, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला जातो, सगळं चोख. येशू सांगतो, त्या दिवशी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

आपण असतो तर उलटं बोललो असतो. निकदेमसारख्या सज्जनाला नीतिमान म्हणून हात जोडले असते आणि जकातदाराला सुनावलं असतं, की बाबा रे, आधी बदल आणि मग ये. येशूने सज्जनाला सांगितलं की तुला मुळापासून नव्याने जन्मावं लागेल. आणि दाखल्यातल्या बदनाम माणसाने अजून काहीही सुधारून दाखवलेलं नसताना त्याला नीतिमान ठरवून घरी पाठवलं.

या दोन प्रसंगांत ख्रिस्ती तारणाच्या, म्हणजे पापातून होणाऱ्या सुटकेच्या, दोन बाजू आहेत. नीतिमान ठरणं हा निकाल आहे. देवाच्या न्यायासनासमोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल देव म्हणतो, याच्यावर दोष नाही, हा माझ्या दृष्टीने नीतिमान आहे. त्या निकालाने माणसाचं देवासमोरचं स्थान बदलतं. नवा जन्म ही माणसाच्या आत घडणारी गोष्ट. देवाचा पवित्र आत्मा मेलेल्या अंतःकरणात जीव घालतो, आणि ज्याला देवाचं काहीच नको होतं त्याला देव हवासा वाटायला लागतो. जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाने हे अठराव्या शतकात अगदी थोडक्यात मांडलं: नीतिमान ठरवणं म्हणजे देव आपल्यासाठी जे करतो ते, आणि नवा जन्म म्हणजे देव आपल्यात जे करतो ते. दोनशे-पावणेतीनशे वर्षांत याहून नेटकं कोणी सांगितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

पुढे जाण्याआधी एक गैरसमज बाजूला ठेवायला हवा, कारण नाशिकमध्ये हा विषय निघाला की पहिला प्रश्न तोच येतो. रामकुंडावर रोज कोणी ना कोणी अस्थी घेऊन आलेलं असतं, त्र्यंबकेश्वरला पितरांचे विधी चालू असतात. गेलेल्या जिवाचं पुढे काय होतं, हा प्रश्न या गावात सतत डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे शेजारच्या काकू साहजिकच विचारतात, ‘म्हणजे तुमच्यातही माणूस पुन्हा जन्माला येतो का?’ नाही, त्या अर्थाने येत नाही. ख्रिस्ती विश्वासानुसार माणूस एकदाच मरतो आणि त्यानंतर न्याय. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात ते स्पष्ट म्हटलंय. येशू ज्या जन्माबद्दल बोलतो तो मरणाच्या अलीकडे, याच देहात घडतो. नाव तेच, घर तेच, रेशनकार्ड तेच. कर्माची बाकी फेडायला मिळालेली ही आणखी एक संधी नाही. देवाने दिलेलं हे नवं जीवन आहे. निकदेमही गोंधळला होताच. म्हातारा झालेला माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाईल, असं त्याने विचारलं. येशूचं उत्तर असं, की देहापासून जन्मलेलं ते देह आणि आत्म्यापासून जन्मलेलं ते आत्मा.

निकदेमला हे आधीच ठाऊक असायला हवं होतं, असंही येशू म्हणतो. ‘तू इस्राएलाचा गुरू असूनही तुला हे समजत नाही काय?’ हा टोला उगाच नाही. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, यरुशलेम उद्ध्वस्त होऊन लोक बाबेलच्या बंदिवासात असताना, यहेज्केल संदेष्ट्याने लिहून ठेवलं होतं: ‘मी तुम्हांला नवे हृदय देईन, तुमच्या ठायी नवा आत्मा घालीन, तुमच्या देहातून पाषाणमय हृदय काढून टाकीन व तुम्हांला मांसमय हृदय देईन.’ यातली क्रियापदं पाहा. देईन, घालीन, काढून टाकीन. सगळी देवाची. माणसाला करायला एकही उरलेलं नाही. आपल्या जन्माच्या वेळी आपलं मत कोणी विचारलं नव्हतं. इथेही जन्म देणारा दुसराच आहे.

आता नीतिमान ठरण्याकडे वळू. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नवा जन्म ऐकायला गूढ वाटला तरी मन त्याला लवकर राजी होतं. माणूस आतून बदलायला हवा, हे कोणाला पटत नाही? पण पाप्याला नीतिमान ठरवायचं, ही गोष्ट घशाखाली उतरत नाही, आणि उतरू नये असंच शास्त्रही एका जागी सांगतं. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात म्हटलंय, की जो दुष्टाला निर्दोष ठरवतो आणि जो नीतिमानाला दोषी ठरवतो, त्या दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. आणि येशूचा प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात देवाची ओळख कशी करून देतो? अभक्ताला नीतिमान ठरवणारा. म्हणजे न्यायाधीशाने जे केलं तर देवाला चीड येते, तेच देव स्वतः करतो?

हा प्रश्न टाळून नीतिमान ठरवण्याची शिकवण सांगितली, तर देव डोळ्यांवर कातडं ओढून बसलाय असं वाटायला लागतं. पौल तो टाळत नाही. तिसऱ्या अध्यायात तो सांगतो, की देवाने ख्रिस्ताला त्याच्या रक्ताद्वारे प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवलं, ते यासाठी की देव स्वतः नीतिमान राहावा आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणारा व्हावा. दोन्ही एकाच वेळी. दोष नजरेआड केलेला नाही; तो वधस्तंभावर कोणीतरी सोसलाय. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी पौल हीच अदलाबदल सांगतो: ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला देवाने आपल्यासाठी पाप असं केलं, यासाठी की आपण त्याच्या ठायी देवाचं नीतिमत्त्व व्हावं. आपलं त्याच्या खाती गेलं, त्याचं आपल्या खाती आलं. हे मिळतं विश्वासाने. पौल त्यासाठी अब्राहामाचं उदाहरण देतो. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहामाने देवाच्या वचनावर विश्वास ठेवला आणि तेच त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून धरलं गेलं. तेव्हा नियमशास्त्र आलेलं नव्हतं, त्याची सुंताही झालेली नव्हती.

दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या कोणाही द्राक्षबागायतदाराला हा फरक चटकन कळेल. त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढलेला असतो. समजा, दुसऱ्याच कोणी सगळं कर्ज भरलं, नो ड्यूज दाखला आला, तलाठ्याकडे फेरफार नोंदवला गेला, मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केला आणि सातबारा कोरा झाला. हे घडलं कागदावर, पण खरं घडलं. आता त्या शेतावर जप्ती येऊ शकत नाही. मात्र त्याच दिवशी बागेत गेलात तर रोगट वेल तसाच उभा असतो. फेरफाराने वेलीला एक पानही फुटत नाही. वेल बदलायचा तर खुंटावर नवी काडी भरावी लागते, कलम जगावं लागतं, त्यातून फूट निघावी लागते. आणि कलम कितीही छान जगलं, बाग घडांनी लगडली, तरी तेवढ्याने सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही. कागद एका जागी बदलतो, वेल दुसऱ्या जागी. शेतकऱ्याला दोन्ही लागतात, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. हा दाखला एका जागी तोकडा पडतो, तेही सांगायला हवं. सातबारा कोरा होणं म्हणजे बाकी शून्य. नीतिमान ठरण्यात त्याहून अधिक आहे. पापाची बाकी शून्य होतेच, शिवाय ख्रिस्ताचं सगळं आज्ञापालन विश्वासणाऱ्याच्या नावे धरलं जातं. देव त्याला नुसता सोडून देत नाही, मुलगा म्हणून घरात घेतो.

एवढा फरक कशासाठी करायचा? शेवटी दोन्ही देवच करतो, दोन्ही एकाच माणसाला मिळतात, मग चिरफाड कशाला? आमच्या एका घरगुती प्रार्थनासभेत हा प्रश्न ज्या रूपात आला ते सांगितलं, की मला तो इतका महत्त्वाचा का वाटतो हे कळेल. एक मावशी, आयुष्यभर चर्चला येणाऱ्या, सभा संपल्यावर हळूच म्हणाल्या, ‘पाळकसाहेब म्हणतात प्रभूने सगळी क्षमा केली. मग सुनेवर ओरडले की मला रात्रभर झोप का येत नाही? माझं तारण झालंय ना?’ जवळ बसलेल्या एका तरुण भावाने चांगल्या मनानेच उत्तर दिलं, ‘मावशी, तुमचा खरा नवा जन्म झाला नसेल.’ मावशींचा चेहरा पडला.

मावशींनी एका वाक्यात दोन प्रश्न विचारले होते, आणि भावाने एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं. देवाने मला स्वीकारलंय का, या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या आत शोधायचंच नसतं. तिथे आज राग दिसेल, उद्या हेवा दिसेल, परवा सगळं शांत दिसेल, आणि खात्री त्याप्रमाणे वर-खाली होत राहील. त्या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या बाहेर, वधस्तंभावर आणि देवाच्या वचनात आहे: ‘म्हणून ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच.’ माझ्यात नवं जीवन आहे का, हा दुसरा प्रश्न. तो आत बघून विचारता येतो, आणि मावशींच्या बाबतीत त्याचं उत्तर त्यांच्या प्रश्नातच होतं. पाषाणमय हृदयाची झोप उडत नाही. सुनेला दुखावल्याचं दुःख रात्रभर सलतं, ते हृदय मांसाचं आहे म्हणून. सकाळी उठून सुनेची माफी मागावी, असं त्यांना सांगायला हवं होतं. आणि ती माफी मागण्याआधीही त्या देवाच्या लेकच आहेत, हेही.

नीतिमान ठरणं कमी-जास्त होत नाही. काल विश्वास ठेवलेला माणूस पौलाइतकाच नीतिमान ठरलेला असतो. पन्नास वर्षं सेवा केलेला पाळक त्याच्यापेक्षा तसूभरही अधिक नाही. नवा जन्मही एकदाच होतो, पण जन्मलेलं मूल वाढतं, आजारी पडतं, रांगतं, धडपडतं. त्या वाढीला आपण पवित्रीकरण म्हणतो, आणि ती मरेपर्यंत चालते. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, त्याला हीच गाठ सुटत नव्हती. मठात असताना तो तासन्‌तास पापकबुली द्यायचा आणि बाहेर पडताच राहून गेलेलं पाप आठवायचं. पुढे रोमकरांस पत्र वाचता वाचता त्याला उमगलं, की देव जे नीतिमत्त्व मागतो तेच तो विश्वासणाऱ्याला देतो. त्यानंतर तो म्हणू लागला, की ख्रिस्ती माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. निकालात पूर्ण नीतिमान; स्वतःच्या स्वभावात अजून पापाशी झगडणारा. मावशींना त्या रात्री या वाक्याची गरज होती.

उलट्या बाजूनेही घोटाळा होतो, आणि तो कमी धोक्याचा नाही. क्षमा झाली, निकाल लागला, आता कसंही वागलं तरी चालेल, असं मानणारी माणसं पौलाच्या काळातही होती. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो विचारतो, कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? आणि स्वतःच उत्तर देतो: कधीच नाही. जे आपण पापाला मेलो ते त्यात कसे राहणार? देव कोणाला नीतिमान ठरवून मेलेलाच ठेवत नाही. ज्याला निकाल मिळतो त्याला जीवनही मिळतं, कारण दोन्ही ख्रिस्ताशी जोडलं गेल्याने मिळतात, आणि अर्धा ख्रिस्त कोणाला मिळत नाही. याकोबाच्या पत्रात माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनी नीतिमान ठरतो असं वाक्य आहे. ते पौलाच्या विरुद्ध वाटतं, पण याकोबाचा वाद कोणाशी आहे ते पाहिलं पाहिजे. उपाशी भावाला ‘सुखी राहा’ म्हणून रिकाम्या हाती वाटेला लावणाऱ्याचा विश्वास त्याच्यासमोर आहे. असा विश्वास मेलेला आहे, असं तो म्हणतो. पौलानेही त्याला जिवंत म्हटलं नसतं. गलतीकरांस पत्रात तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाबद्दलच बोलतो.

नवा जन्म आणि नीतिमान ठरणं, यातलं आधी काय आणि नंतर काय, यावर ख्रिस्ती लोक शतकानुशतकं वाद घालत आलेत. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन, त्याच्या परंपरेतले लोक म्हणतात, की इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायानुसार माणूस पापात मेलेला आहे. मेलेला विश्वास कसा ठेवेल? म्हणून आधी नवा जन्म, त्यातून विश्वास, आणि विश्वासाने नीतिमान ठरणं. १६१८-१९ साली नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथे भरलेल्या धर्मसभेने नवा जन्म हे संपूर्णपणे देवाचं काम आहे असं ठासून सांगितलं. दुसरी बाजू योहानाच्या पहिल्या अध्यायाकडे बोट दाखवते: ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना त्याने देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला. आधी स्वीकार, मग मूल होणं. वेस्लीचं म्हणणं असं, की काळाच्या हिशेबात दोन्ही एकाच क्षणी घडतात. विचारात मात्र नीतिमान ठरणं आधी धरावं. मला हा वाद वायफळ वाटत नाही, कारण तारणाचं श्रेय कोणाकडे जातं हा त्याचा गाभा आहे. पण दोघांच्या मधे काही दिवसांचं अंतर आहे, नीतिमान ठरलेला पण न जन्मलेला असा कोणी माणूस वाटेत कुठे उभा आहे, असं दोन्हीपैकी कोणीच म्हणत नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या गुन्हेगाराकडे काही तासच होते. त्याने आपला दोष कबूल केला, शेजारच्या निर्दोषाची बाजू घेतली, राज्यात माझी आठवण ठेवा म्हणाला. हे नव्या हृदयाचंच बोलणं. आणि ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हा निकालही तिथेच लागला.

बाप्तिस्म्याचा प्रश्न मात्र आमच्याकडे घराघरात येतो. गोदावरीतल्या स्नानाने पाप धुतलं जातं अशी श्रद्धा असलेल्या गावात, जिथे दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो, बाप्तिस्मा पाहिलेल्या मित्राने ‘हेही तसंच ना?’ असं विचारणं स्वाभाविक आहे. तीताला लिहिलेल्या पत्रात ‘नव्या जन्माचे स्नान’ असे शब्दही आहेत. मग पाणी पडलं की नवा जन्म झाला का? रोमन कॅथलिक, ल्यूथरन आणि बरेच अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) मानतात, की देव बाप्तिस्म्यातूनच नवा जन्म देतो. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या बहुधा म्हणतात, की जन्म आधी झालेला असतो आणि बाप्तिस्मा ही त्याची जाहीर साक्ष. खुद्द अँग्लिकन चर्चमध्ये यावर मोठं वादळ उठलं होतं. जॉर्ज गोरहॅम नावाच्या पाळकाने म्हटलं, की बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येक बाळाचा नवा जन्म आपोआप होतोच असं नाही. एक्सेटरच्या बिशपांनी १८४७-४८ साली त्याची लांबलचक परीक्षा घेतली आणि त्याला नेमणूक नाकारली. प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ अपील मंडळापर्यंत गेलं, आणि १८५० साली निकाल गोरहॅमच्या बाजूने लागला. त्यामुळे दुखावलेले काही पुढारी चर्च सोडून कॅथलिक झाले.

नाशिकला याचं काय? चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशिकमध्ये १८३२ साली सुरू झालं आणि त्या गोरहॅम निकालाच्याच दशकात तिने शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी केली. आज शरणपूर रोडवरून जाताना ते नाव सगळेच घेतात. ही संस्था अँग्लिकन चर्चच्या त्या गटाची होती, जो बाप्तिस्म्याला मान देऊनही माणसाला विचारत राहायचा, की तुझ्या अंतःकरणाचं काय झालं? आमच्या जुन्या मराठी मंडळ्यांत हा प्रश्न आजही ऐकू येतो, त्याचं मूळ तिथे आहे.

पंडिता रमाबाईंची साक्ष याच प्रश्नाभोवती फिरते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी स्वतः लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं, की ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त मिळालेला नाही. विद्वान बाई, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर पुढे त्यांनीच केलं. त्यांना हे मान्य करताना किती धैर्य लागलं असेल! त्यांना काळाची खूण सांगता आली. सगळ्यांना ती सांगता येत नाही. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं आयुष्य पाहा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. मग जवळ आल्या, तेव्हाही सोवळं पाळत. ते सोवळं हळूहळू गळत गेलं, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. यात नव्या जन्माचा नेमका दिवस कोणता? तारीख सांगता येत नसेल तर जन्मच झाला नाही, असं काही सभांमधून ठणकावलं जातं, ते मला मान्य नाही. येशूनेच निकदेमला वाऱ्याचं सांगितलं: तो कुठून येतो आणि कुठे जातो हे कळत नाही, पण त्याचा आवाज ऐकू येतो.

आता कॅथलिक बंधुभगिनींबद्दल, कारण नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत जी गर्दी लोटते, त्यातल्या अनेकांना वरची मांडणी अशी शिकवलेली नसते. ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ रोजी काढलेल्या आदेशात नीतिमान ठरणं म्हणजे केवळ पापक्षमा नव्हे, तर अंतर्यामीच्या माणसाचं पवित्रीकरण आणि नवीकरणही, असं ठरवलं. म्हणजे मी ज्या दोन गोष्टी इतका वेळ वेगळ्या सांगतोय त्या कॅथलिक शिकवणीत एकाच शब्दाखाली येतात. बाप्तिस्म्यात ही कृपा मिळते, चांगल्या कृतींनी वाढते, आणि प्राणघातक, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या गंभीर, पापाने गमावताही येते. प्रोटेस्टंट मंडळींनी याला हरकत घेतली ती माणसाची खात्री त्याच्या प्रगतीवर टांगली जाते म्हणून. कॅथलिकांची उलट हरकत अशी, की तुमचा निकाल कागदीच राहतो. दोन्ही हरकतींच्या मुळाशी खरी काळजी आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

या वादावर साडेचारशे वर्षांनी मोठा पूल बांधला गेला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी नीतिमान ठरण्याबद्दलच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात त्यांनी मिळून कबूल केलं, की आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो. आणि आपल्याला पवित्र आत्मा मिळतो, जो आपली अंतःकरणं नवी करतो आणि सत्कृत्यांसाठी सज्ज करतो. देव स्वीकारतो आणि देव नवं करतो, दोन्ही एकाच वाक्यात आलं. सगळे मतभेद मिटलेले नाहीत, पण वेस्लीच्या परंपरेतल्या जागतिक मेथडिस्ट परिषदेने २००६ साली त्याला पाठिंबा दिला, आणि अँग्लिकन व रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्यांनीही पुढे तसंच केलं.

हे सगळं बायबलमध्येच पडताळून पाहायचं असेल, तर रोमकरांस पत्राचे तीन ते आठ अध्याय एका बैठकीत वाचा. तुकड्या-तुकड्यांत वाचले तर धागा सुटतो. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत पौल निकालाबद्दल बोलतो; सहाव्यापासून नव्या जीवनाबद्दल. सातव्यात तो झगडा इतका मोकळेपणाने मांडतो, की वाचताना आपलंच कोणी लिहिलंय असं वाटतं. योहानाचं पहिलं पत्र त्यानंतर घ्या. देवापासून जन्मलेल्या माणसाच्या खुणा तिथे फार कडक शब्दांत आहेत, आणि रोमकरांसचा आठवा अध्याय आधी वाचलेला नसेल तर मावशींसारख्या हळव्या माणसाचं मन त्या खुणा वाचून खचतं.